रक्त द्यायला गेले आणि माझंच रक्त कमी निघालं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकला राहणारे माझे मामा सकाळी भाजी आणायला स्कूटरवरून निघाले आणि कोपऱ्यावर पडलेल्या वाळूवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. घराजवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये त्यांना भरती केलं. विमा होता, डॉक्टर ओळखीचे होते, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरलं. आता काळजीचं काही नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, तेवढ्यात काउंटरवरून निरोप आला, ‘‘दोन पिशव्या रक्त लागेल. बदल्यात दोन डोनर घेऊन या.’’

फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला. पुणे, इंदूर, हैदराबाद, सगळीकडून हात जोडलेले इमोजी आले. प्रत्यक्ष रक्तपेढीत पोहोचलो आम्ही सहा जण. मी पुण्याहून रात्रीच्या बसने आले होते. पंचविशीतली, रोज दहा हजार पावलं चालणारी, मोबाइलमध्ये कॅलरी मोजणारी. रक्त देणाऱ्यांच्या रांगेत पहिला नंबर माझाच, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

तिथल्या ताईंनी बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त मशीनमध्ये घातलं आणि म्हणाल्या, ‘‘दहा पॉइंट चार. तुमचं घेता येणार नाही. बाजूला बसा, चहा घ्या.’’

चौघे नापास, दोघे पास

माझ्यामागून मामेभाऊ गेला. तगडा, जिमला जाणारा. त्याने तीन महिन्यांपूर्वी दंडावर टॅटू काढून घेतला होता. टॅटू काढल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, हे त्याला तिथेच कळलं. त्याच्या बायकोचं बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे तिलाही नाही म्हणून सांगितलं. धाकटे काका मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, तेही बाद.

पास झाले ते दोघे. एक मामांच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि दुसरे आमच्या मामीचे थोरले भाऊ, अण्णा. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. वय एकसष्ट. मला वाटलं, यांना वयामुळेच परत पाठवतील. पण पहिल्यांदा रक्त देणाऱ्यासाठी वयाची मर्यादा साठ वर्षं असते आणि नेहमी देणाऱ्याला पासष्टपर्यंत देता येतं. अण्णा तर नोकरीत असल्यापासून देत आलेत. खिशातून त्यांनी जुनं डोनर कार्ड काढलं आणि मला म्हणाले, ‘‘पोरी, पावलं मोजतेस ते बरंच आहे. पण एकदा रक्तही मोजून घे.’’

सगळे हसले. मीही हसले, पण मनात कुठेतरी लागलंच.

रक्त विकत मिळत नाही, मग बिल कशाचं?

ऑपरेशन सुरू असताना आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. पहिला प्रश्न मावशीचा. ‘‘एवढं महागडं हॉस्पिटल, विमा आहे, मग रक्तही त्यांनीच आणायला नको का? आपल्याला का पळवतात?’’

प्रश्न चुकीचा नव्हता. पण रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते एका माणसाने दिलं तरच दुसऱ्याला मिळतं. पूर्वी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे लोक होते. गरजेपोटी पुन्हापुन्हा रक्त विकलं जायचं, आजार लपवले जायचे आणि ते रक्त घेणाऱ्याच्या जिवावर बेतायचं. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली.

मग पिशवीमागे पैसे घेतात ते कशाचे? ते रक्ताचे नसून प्रक्रियेचे असतात. पिशवी, साठवण आणि तपासण्या यांचा तो खर्च. दिलेलं प्रत्येक रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासावंच लागतं. या शुल्कावर सरकारने मर्यादा घातली आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तांबड्या पेशींच्या एका पिशवीला सरकारी रक्तपेढीत ११०० रुपये आणि खासगी रक्तपेढीत १५५० रुपये. प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्सच्या पिशवीला सरकारीत ३०० आणि खासगीत ४००. नॅटसारखी जादा तपासणी केली असेल तर तिचे पैसे वेगळे लागतात. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया अशा आजारांत पुन्हापुन्हा रक्त लागणाऱ्यांना सरकारी रक्तपेढीतून ते मोफत द्यायचं असतं. त्यामुळे बिल हातात आलं की त्यातली रक्ताची ओळ नीट वाचावी आणि आकडा फार मोठा वाटला तर विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि बदल्यात डोनर आणायला सांगतात त्याचं काय? २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातच ही बदली रक्तदानाची पद्धत हळूहळू बंद करून सगळं रक्त स्वेच्छेने देणाऱ्यांकडून मिळवायचं, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात मात्र अजून अनेक ठिकाणी नातेवाइकांना फोन फिरवावे लागतात. त्यामागचं कारण सरळ आहे. रक्तपेढीचं कपाट आधीपासून भरलेलं असेल तर कुणाला पळावं लागणार नाही. पण ते भरणार कोण? आपणच. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात, लोक गावाला जातात आणि नेमका तेव्हाच तुटवडा पडतो. मामा घसरले ते मे महिन्यातच.

सरकारी चांगलं की खासगी?

कॅन्टीनमधल्या गप्पांची गाडी मग अपेक्षेप्रमाणे इथे आली. आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. मावशी खासगीवाली. ‘‘स्वच्छता असते, डॉक्टर वेळेवर येतात. सरकारीत रांगेतच निम्मा जीव जातो.’’ इंदूरची मावसबहीण व्हिडिओ कॉलवर होती, ती सरकारीवाली. तिचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. ‘‘गर्दी होती, हे खरं. पण दिवसाला चाळीस बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांचा हात किती सरावलेला असतो! आणि घरी आल्यावर कर्ज फेडत बसावं लागलं नाही.’’

दोघींचंही खरं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत, बाळंतपणं वगळता, एकदा रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. म्हणजे सातपट. तरीही लोक खासगीत जातात, कारण जवळ असतं, लवकर नंबर लागतो आणि कुणीतरी नीट बोलतं. मामांचं ऑपरेशन चोवीस तासांत झालं, याचं श्रेय त्या खासगी हॉस्पिटलला द्यावंच लागेल.

मावशी म्हणाली, ‘‘पैसे असले की खासगीच बरं.’’

अण्णा तोवर चहा-बिस्किट संपवून आले होते. ते म्हणाले, ‘‘ताई, आज पैसे होतेच ना? तरी शेजारच्या पोराला सायकलवरून यावं लागलं.’’

मावशी गप्प बसली. खासगी असो की सरकारी, पलंगाशेजारच्या सळईला लटकणारी ती लाल पिशवी कुणाच्या तरी दंडातूनच येते. रक्तपेढीत आपण दिलेलं रक्तही सरकारी पेशंटला जाईल की खासगी, हे आपल्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

रिपोर्टमधली लाल ओळ

मामांचं ऑपरेशन नीट झालं. मी पुण्याला परतले. पण ‘दहा पॉइंट चार’ डोक्यातून जाईना. मग आठवलं, आठ महिन्यांपूर्वी मी एका ऑनलाइन ऑफरमध्ये ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतला होता. घरी येऊन रक्त नेलं, संध्याकाळी सतरा पानांची पीडीएफ आली. मी फक्त साखर आणि कोलेस्टेरॉल पाहिलं, दोन्ही ठीक होतं, फाइल बंद केली. आता ती पुन्हा उघडली. दुसऱ्याच पानावर हिमोग्लोबिन १०.९, लाल अक्षरात. तपासणीला पैसे मी भरले होते, रिपोर्ट माझ्या मोबाइलमध्ये होता आणि तरी मला माहीत नव्हतं. आठ महिन्यांत ते आणखी खाली आलं होतं.

दम लागायचा, तो मी कामाच्या ताणावर ढकलला होता. केस गळायचे, ते पुण्याच्या पाण्यावर. दुपारी डोळे मिटायचे, ते रात्री उशिरा सिरीज बघण्यावर.

शनिवारी घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेले. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच. रांगेत दीड तास उभी होते, पंखा नावापुरता होता. पण आतल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवर नजर टाकून पहिला प्रश्न विचारला, ‘‘पाळी किती दिवस असते? जास्त जाते का?’’ हा प्रश्न सतरा पानांच्या पीडीएफने मला विचारला नव्हता. दुसरा प्रश्न, ‘‘जेवणावर चहा घेता का?’’ मी रोज घ्यायचे. लोहाच्या गोळ्या तिथेच मोफत मिळाल्या आणि ‘महिन्याने परत या’ असं बजावलं गेलं.

ही फक्त माझी गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के आहे. म्हणजे तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीच्या भिशीत बसलेल्या दोन बायकांपैकी एकीला ही तक्रार असण्याची शक्यता आहे आणि बहुतेकींना ते माहीतही नसतं.

लोह ताटातून कसं वाढवायचं?

हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळ्या लागतातच. कोणत्या आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीला लागू पडल्या म्हणून त्याच आणू नका. पण रोजच्या सवयी बदलल्या नाहीत तर गोळ्या थांबल्यावर गाडी पुन्हा तिथेच येते. मी बदललेल्या गोष्टी साध्या आहेत.

चहा-कॉफी जेवणासोबत नाही. चहातले घटक अन्नातलं लोह शरीराला शोषू देत नाहीत. जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर तरी चहा टाळायचा. ही सवय मोडणं मला सर्वांत जड गेलं.

लिंबू पिळायचं. पालेभाज्या, कडधान्यं, डाळी यांतलं लोह शरीरात सहज मुरत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू, जेवणानंतर पेरू किंवा संत्रं, पानात आवळ्याची फोड. आपल्या आज्यांनी हे शास्त्र न शिकताच चालवलं होतं.

अळीव, राजगिरा, तीळ, खजूर यांना नाश्त्यात जागा. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीने खायचे, असा कुठे नियम नाही. मांसाहार करत असाल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीर जास्त सहज घेतं.

लोखंडी कढई माळ्यावरून खाली. पालेभाजी किंवा आमटी त्यात केली की थोडं लोह अन्नात उतरतं. आंबट पदार्थ मात्र करून झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावेत, नाहीतर ते काळे पडतात.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटात मळमळलं तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगायचं.

आणि एक महत्त्वाचं. पाळीत फार रक्त जात असेल, मूळव्याध असेल, पोटात जंत असतील तर वरून कितीही लोह घातलं तरी खालून गळती चालूच राहते. पुरुषांचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर विशेष लक्ष द्यावं, कारण त्यांना पाळी नसते. पोटात कुठे आतल्या आत रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

रक्त देण्याआधी हे माहीत असू द्या

वय अठराच्या पुढे हवं. वजन किमान ४५ किलो हवं. ४५ किलोच्या पुढे ३५० मिलिलिटर रक्त घेतात, ५५ किलोच्या वर वजन असेल तर ४५० मिलिलिटरही घेता येतं. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातला हा छोटासा भाग. द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात.

हिमोग्लोबिन १२.५ हवं. स्त्री-पुरुष दोघांनाही हाच आकडा.

दोन वेळांमध्ये पुरुषांनी ९० दिवसांचं आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. पाळी सुरू असताना देऊ नये. बाळंतपणानंतर वर्षभर आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत थांबायचं.

उपाशीपोटी जाऊ नये. चतुर्थी किंवा एकादशीचा उपास असेल तर तो दिवस टाळावा. आदल्या रात्री नीट झोप, सकाळी नाश्ता आणि भरपूर पाणी. रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसायचं, पाणी जास्त प्यायचं, त्या दिवशी जड वजन उचलायचं नाही.

फॉर्मवर खरं लिहायचं. कोणता आजार, कोणती गोळी, नुकतं झालेलं ऑपरेशन, टॅटू, काहीही लपवायचं नाही. तिथले डॉक्टर नाही म्हणाले तर तो अपमान नाही. ती तुमची आणि तुमचं रक्त घेणाऱ्याची काळजी असते.

‘रक्त दिलं की अशक्तपणा येतो’, ‘वजन वाढतं’, ‘बायकांनी देऊ नये’ हे गैरसमज आहेत. सुई दर वेळी नवीन असते, त्यामुळे रक्त देण्याने कुठलाही संसर्ग होत नाही. ‘माझा गट तर कॉमन आहे, माझी काय गरज?’ असंही अनेकजण म्हणतात. पण कॉमन गटाचे पेशंटही तेवढेच जास्त असतात. आणि गट जुळला नाही तरी बदली डोनर म्हणून रक्त देता येतं. मामांचा गट बी पॉझिटिव्ह, अण्णांचा ओ. मामांना रक्तपेढीतलं बी मिळालं, अण्णांचं ओ दुसऱ्या कुणाला गेलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात आणि नंतर महिनाभर शुकशुकाट असतो. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. त्यामुळे एकदाच उत्साहाने देण्यापेक्षा वर्षातून दोनदा, आपापल्या वेळेने दिलेलं रक्त जास्त उपयोगी पडतं. तुमच्या शहरात कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाचं रक्त आहे आणि शिबिर कुठे आहे, हे सरकारच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावर पाहता येतं. तुम्ही महाराष्ट्रात असा की दिल्लीत, इंदूरला किंवा बेंगळुरूला, ते सगळीकडे चालतं.

१२.७

ऑगस्टमध्ये माझं हिमोग्लोबिन १२.१ झालं. रक्तपेढीत फोन केला तर तिकडून हसून उत्तर आलं, ‘‘अजून थोडं.’’ डॉक्टर मॅडमनीही सांगितलं होतं की आकडा सुधारला तरी गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

१ ऑक्टोबर हा आपल्याकडे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिवस असतो. भारतात रक्तदानाची चळवळ रुजवणारे डॉ. जय गोपाल जॉली यांचा तो जन्मदिवस. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीजवळच्या शाळेत शिबिर होतं. बोटाला सुई, थेंबभर रक्त, मशीनवर आकडा. १२.७. वजन बावन्न किलो, म्हणून ३५० मिलिलिटर. प्रत्यक्ष रक्त निघायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुखलं म्हणाल तर सुई टोचताना, तेवढंच.

बिस्किटं खात बसले होते तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कॉलेजातली एक मुलगी चेहरा पाडून बसली होती. तिचं ९.८ निघालं होतं. ‘‘पुढच्या वेळी देते,’’ ती उठता उठता म्हणाली. मी तिला थांबवलं आणि चहाचा कप तिच्या हातातून खाली ठेवायला लावला. दवाखान्याचा पत्ता दिला. शनिवारी सकाळी लवकर गेलीस तर रांग कमी असते, हेही सांगितलं.

घरी येऊन अण्णांना फोन केला. आकडा ऐकून म्हणाले, ‘‘शाब्बास. मामाला सांगतो.’’ मामा आता काठी टेकवत का होईना, पण भाजी आणायला स्वतः जातात. स्कूटर मामीने विकून टाकली.

या आठवड्यात एक काम करा. मोबाइलमध्ये किंवा कपाटात पडलेला तुमचा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट शोधा आणि हिमोग्लोबिनची ओळ वाचा. घरातल्या आईची, सुनेची, मुलीचीही वाचा. रिपोर्टच नसेल तर सीबीसी ही साधी तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात किंवा खासगी लॅबमध्ये, जिथे तुम्हाला सोयीचं असेल तिथे. आकडा कमी असेल तर उपचार सुरू करा. १२.५ च्या वर असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर जवळच्या रक्तपेढीचा पत्ता शोधून ठेवा. कुणाचा तरी मामा आज सकाळी स्कूटरवरून घसरला असेल.